टॉवर शेजारच्या खोलीत: मॉनिटर आणि यूएसबी केबल लांबवण्याचं एक प्रकरण

निवेदनाचं रेकॉर्डिंग आणि त्याचं संकलन एकाच खोलीत करणाऱ्या एका संकलक बाईंच्या वर्कस्टेशनचं हे प्रकरण आहे. टेबलावर दोन मॉनिटर, हाताशी कंडेन्सर माइक आणि टेबलाखाली संगणकाचा टॉवर. हा माइक इतका संवेदनशील की टॉवरच्या पंख्याची घरघर प्रत्येक वाक्याखाली ऐकू यायची. सॉफ्टवेअरने ती काढायला गेलं की शब्दांच्या शेवटची हलकी अक्षरंही सोबत पुसली जायची. म्हणून त्यांनी टॉवरच खोलीबाहेर काढला. भिंतीपलीकडे सामानाची एक छोटी खोली होती आणि मधल्या भिंतीत केबल जाण्याजोगं भोकही तयार होतं.

टॉवर हलला आणि खोली शांत झाली. पण टेबलावरच्या सगळ्या केबल आखूड पडल्या, तेव्हा प्रत्येक केबलच्या टोकाला एकेक एक्स्टेन्शन जोडलं गेलं. तिथून पुढचे कित्येक दिवस काम कमी आणि कटकट जास्त असं चाललं होतं. मला जोडणी बघायला बोलावलं तेव्हा त्यांचं म्हणणं होतं की टॉवर हलवताना मदरबोर्डला धक्का बसला असावा. मशीन पाहिलं, ते ठणठणीत होतं. बिघडलं होतं ते मशीन आणि टेबल यांच्या मधल्या अंतरात.

आधीची जोडणी

मुख्य मॉनिटर ३८४० × २१६० रिझोल्यूशनचा, ६० हर्ट्झवर, १० बिट रंगात चालणारा. त्याची मूळ डिस्प्लेपोर्ट केबल २ मीटरची, तिला पुढे ३ मीटरचं एक्स्टेन्शन. दुसरा मॉनिटर २५६० × १४४०, तोही ६० हर्ट्झ. त्याची एचडीएमआय केबल दीड मीटरची, मध्ये दोन्ही बाजूंनी केबल खुपसता येणारा एक छोटा जॉइनर आणि पुढे ५ मीटरची दुसरी केबल. ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज संगणकात नेणारी पेटी, यूएसबीवरच वीज घेणारा, ५ मीटरच्या साध्या एक्स्टेन्शनवर. कीबोर्डलाही तसंच एक एक्स्टेन्शन. वायरलेस माउसचा रिसीव्हर मात्र टॉवरच्या मागच्या पोर्टमध्येच राहिला होता, म्हणजे भिंतीपलीकडे.

तक्रारींची यादी लांब होती. मोठा मॉनिटर मध्येच दोन सेकंद काळा पडतो. कधी तो सुरूच ३० हर्ट्झवर होतो आणि माउसचा बाण ओढल्यासारखा चालतो. दुसऱ्या मॉनिटरवर गडद भागात पांढरे-हिरवे ठिपके चमकतात. इंटरफेस रेकॉर्डिंगच्या मध्यात गायब होतो. माउस अडखळतो.

हे सगळं एकाच दिवशी सुरू झालं, म्हणून कारणही एकच असणार असं कुणालाही वाटेल. पण प्रत्येक केबलमधून जाणारा सिग्नल वेगळा आणि त्याला अंतर न सोसण्याची कारणंही वेगळी. त्यामुळे मी एका वेळी एकच केबल हातात घेतली. टॉवर तात्पुरता टेबलाजवळ आणला, मूळ आखूड केबल लावल्या, सगळं नीट चालतंय याची खात्री केली आणि मग एकेक एक्स्टेन्शन परत जोडत गेलो. असल्या कामात ही पायरी गाळू नये असं माझं ठाम मत आहे. पाच तक्रारी एकदम सोडवायला बसलं की एकही धड सुटत नाही.

खुर्चीवरून उठलं की स्क्रीन काळी

मोठा मॉनिटर केव्हा काळा पडतो असं विचारल्यावर उत्तर आलं, ‘कधीही. काही नेमच नाही.’ मी शेजारी बसून त्यांना नेहमीसारखं काम करायला सांगितलं. बराच वेळ काही झालं नाही. मग त्या दार लावायला उठल्या आणि स्क्रीन गेली. परत येऊन बसल्या, ठीक. पुन्हा उठायला सांगितलं. पहिल्यांदा काही नाही, नंतर पुन्हा काळी.

हा चमत्कार नाही. गॅसच्या नळकांड्यावर खाली-वर होणाऱ्या खुर्चीवरून माणूस उठला की कधीकधी तिच्यात साठलेला स्थिर विद्युतभार एकदम मोकळा होतो आणि विद्युतचुंबकीय लहरींचा एक झटका आसपास पसरतो. डिस्प्लेच्या केबल तो पकडतात. ज्या केबलमध्ये सिग्नल भरपूर ताकदीने पोचतोय, तिला याने फरक पडत नाही. जिथे सिग्नल कसाबसा वाचता येतोय, तिथे तेवढा झटका पुरतो. मॉनिटरकडे येणारा सिग्नल तुटतो, टॉवरमधलं ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर नव्याने जुळवणी करतात, आणि त्या जुळवणीचा वेळ आपल्याला काळ्या स्क्रीनच्या रूपात दिसतो. म्हणून इथे खुर्ची बदलणं हा इलाज नव्हता. खुर्चीने फक्त केबल किती काठावर चालली होती ते दाखवून दिलं.

काठ किती अरुंद होता तेही पाहू. ३८४० × २१६०, ६० हर्ट्झ आणि १० बिट रंग यांना साधारण १६ गिगाबिट प्रति सेकंद लागतात. डिस्प्लेपोर्ट १.२ च्या चार लेनमधून, म्हणजे डेटाच्या चार समांतर वाटांमधून, प्रत्येकी ५.४ गिगाबिट जातात. पण त्या काळच्या सांकेतिक पद्धतीत दर ८ बिटांमागे १० बिट पाठवावे लागतात, म्हणजे २१.६ मधले उपयोगाचे उरतात १७.२८. चारही लेन पूर्ण वेगाने धावल्या तरच हे चित्र मावतं. मध्ये एक सांधा आणि एकूण ५ मीटर तांबं आलं की त्या वेगाला सिग्नलची धार बोथट होते. सुरुवातीच्या जुळवणीत, म्हणजे लिंक ट्रेनिंगमध्ये, कार्डाला ते कळतं आणि ते एक पायरी खाली उतरतं: प्रति लेन २.७ गिगाबिट, उपयोगाचे एकूण ८.६४. त्यात याच रिझोल्यूशनचं ३० हर्ट्झ बसतं, ६० बसत नाही. बाण ओढल्यासारखा चालण्याचं गूढ एवढंच होतं. ज्या दिवशी जुळवणी वरच्या पायरीवर पार पडायची त्या दिवशी ६० हर्ट्झ मिळायचे आणि मग खुर्चीगणिक स्क्रीन जायची.

एचडीएमआय इतकं समजूतदार वागत नाही. १८ गिगाबिटपर्यंतच्या जुन्या पद्धतीत पायरी उतरण्याची सोय नाही. सिग्नल खराब झाला की चुकलेले बिट सरळ चित्रात उतरतात आणि ते ठिपक्यांसारखे चमकतात. गडद भागात ते जास्त उठून दिसतात म्हणून बाईंना पॅनेल गेल्याची शंका आली होती. पॅनेल उत्तम होतं. जॉइनर काढून तीच ५ मीटरची केबल थेट मॉनिटरला लावली आणि ठिपके नाहीसे झाले. म्हणजे इथे लांबी दोषी नव्हती, सांधा होता. एचडीएमआयच्या जोडतारा १०० ओहमच्या ठरावीक अवरोधावर (इम्पीडन्स) बांधलेल्या असतात. जॉइनरच्या पोटात तो अवरोध बदलतो आणि सिग्नलचा काही भाग तिथून मागे परततो. सांध्यामुळे होणारं नुकसान कित्येकदा पुढच्या एक-दोन मीटर केबलपेक्षा जास्त असतं. जिथे एक लांब केबल मिळू शकते तिथे दोन आखूड केबल जोडू नयेत.

४८ व्होल्टचं बटण

या प्रकरणात माझा सर्वात जास्त वेळ ऑडिओ इंटरफेसवर गेला आणि शिकण्यासारखंही तिथेच जास्त होतं. तो कधी गायब होतो याचा नेम बाईंनी स्वतःच शोधून ठेवला होता: माइकला त्याच्याच केबलमधून वीज देणारं ४८ व्होल्टचं फँटम पॉवरचं बटण दाबलं की थोड्या वेळात. त्यांना वाटत होतं की इंटरफेसचं ते बटणच खराब आहे.

एक्स्टेन्शनच्या बाहेरच्या आवरणावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं. बहुतेक लोक ते कधी वाचत नाहीत, पण केबलची खरी कुंडली तिथेच असते. या केबलवर डेटाची जोडी २८ गेजची आणि विजेच्या दोन ताराही २८ गेजच्याच असं लिहिलेलं होतं. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. चांगल्या यूएसबी केबलवर ‘२८एडब्ल्यूजी/१पी + २४एडब्ल्यूजी/२सी’ असं काहीतरी दिसतं, म्हणजे डेटा बारीक तारेतून आणि वीज जाड तारेतून.

आता हिशेब. २८ गेजच्या तांब्याचा रोध मीटरमागे साधारण ०.२१ ओहम. वीज जाते आणि परत येते, म्हणून ५ मीटर केबलमध्ये १० मीटर तार, रोध सुमारे २.१ ओहम. इंटरफेसने फँटम पॉवरसह ४०० मिलिअँपियर ओढले तर वाटेतच ०.८५ व्होल्ट खर्च होतात. ५ व्होल्टचे पोचतात ४.१५, आणि त्यापुढे इंटरफेसची स्वतःची केबल आहेच. यूएसबी मीटर लावून पाहिलं तर आकडा ४.१ च्या आसपासच घुटमळत होता. जास्त वीज मागणाऱ्या यूएसबी २.० उपकरणाच्या केबलला पोर्टपाशी किमान ४.७५ व्होल्ट मिळतील असं मानकात धरलेलं आहे. बटण दाबेपर्यंत मागणी कमी, व्होल्टेज तग धरायचं. बटण दाबलं की मागणी वाढायची आणि इंटरफेस बंद पडायचा. हीच केबल विजेसाठी २४ गेजची असती तर घट ०.३५ व्होल्टच्याही आत राहिली असती.

शिवाय यूएसबी २.० साठी केबलची मर्यादाच ५ मीटर आहे, ती उपकरणाच्या स्वतःच्या केबलसकट. ही मर्यादा ताकदीपेक्षा वेळेची आहे: होस्टला, म्हणजे संगणकाला, ठरावीक वेळात उत्तर मिळालं पाहिजे आणि केबलला त्यातला फार थोडा वाटा दिलेला आहे. म्हणून केबल कितीही जाड घेतली तरी ही मर्यादा हटत नाही. एका टोकाला नर आणि दुसऱ्या टोकाला मादी असं साधं एक्स्टेन्शन यूएसबीच्या मूळ मानकात बसतच नाही. बाजारात ते सर्रास मिळतं आणि माउस-कीबोर्डला निभावतंही, म्हणून ते मान्यताप्राप्त असावं असा समज होतो.

माउसचं कारण वेगळं. रिसीव्हर भिंतीपलीकडे होता हे एक, आणि त्याच्या शेजारच्या यूएसबी ३.० पोर्टमध्ये बाह्य एसएसडी लावलेली होती हे दुसरं. यूएसबी ३.० च्या ५ गिगाबिटच्या सिग्नलमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट सांडतो. इंटेलने २०१२ मध्ये याची मोजमापं प्रसिद्ध केली होती. वायरलेस माउस त्याच पट्ट्यात बोलतो. रिसीव्हर त्या पोर्टपासून थोडा दूर नेला तरी फरक पडतो.

काय लांब न्यायचं आणि काय नाही

इलाज ठरवताना मी केबलची यादी करण्याआधी कामाची यादी केली. कोणती वस्तू टेबलावर असायलाच हवी आणि तिला खरोखर किती वेग लागतो? हा प्रश्न विचारला की निम्मं काम हलकं होतं.

ऑडिओ इंटरफेस टेबलावरच हवा. पण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन चॅनेल म्हणजे सेकंदाला साधारण २.३ मेगाबिट. यूएसबी २.० च्या ४८० मेगाबिटपुढे हे काहीच नाही. कीबोर्ड, माउसचा रिसीव्हर, साधा वेबकॅम, यांनाही यूएसबी २.० पुरून उरतं. वेग हवा तो एसएसडीला, आणि तिला कुणी हात लावत नव्हतं, टॉवर टेबलाखाली होता तेव्हा ती केवळ सवयीने टेबलावर असायची. ती टॉवरजवळच ठेवली. कार्ड रीडरवर थोडी चर्चा झाली. बाई रोज रेकॉर्डरचं कार्ड उतरवतात, पण त्यावर काही गिगाबाइट आवाज असतो. यूएसबी २.० वर प्रत्यक्षात सेकंदाला ३५ मेगाबाइटच्या आसपास मिळतात, म्हणजे ४ गिगाबाइटला दोन मिनिटं. ६४ गिगाबाइटचं व्हिडिओचं भरलेलं कार्ड मात्र अर्धा तास घेईल. तसं कार्ड त्यांच्याकडे क्वचित येतं. ते थेट टॉवरला नेऊन लावायचं ठरलं.

त्यामुळे भिंतीतून न्यायच्या केबल एकदम कमी झाल्या: दोन चित्राच्या, एक यूएसबीची आणि एक पॉवर बटणाची.

लांबी सुतळीने मोजली. टेबल आणि टॉवर यांचं सरळ अंतर ३ मीटरही नव्हतं, पण सुतळी टॉवरच्या मागून निघाली, भोकातून आली, भिंतीच्या कडेने फिरली, टेबलाच्या पायावरून चढली, मॉनिटरच्या हलत्या हातावर गेली आणि तो हात पूर्ण पुढे ओढल्यावर जवळपास ७ मीटर भरली. केबल आखूड पडतात त्या इथेच, सरळ अंतर धरून विकत घेतल्यामुळे.

मोठ्या मॉनिटरसाठी १० मीटरची ऑप्टिकल डिस्प्लेपोर्ट केबल निवडली. तिच्या दोन्ही टोकांतल्या बोंडांत विजेचं प्रकाशात आणि प्रकाशाचं विजेत रूपांतर करणारी चिप असते, मध्ये काचेचे तंतू. एवढ्या अंतरात प्रकाशाचं काही बिघडत नाही, आणि खुर्चीचा झटका काचेला पकडताच येत नाही. तिच्या दोन अटी मात्र काटेकोर पाळाव्या लागतात. ती एकाच दिशेने चालते, कार्डाचं टोक आणि मॉनिटरचं टोक वेगळं असतं. आणि निर्मात्याने सांगितलेल्या त्रिज्येपेक्षा तिला जास्त वाकवायचं नाही. दारामागे चेपलेली किंवा टायने आवळलेली ऑप्टिकल केबल वरून साबूत दिसते आणि आत तंतू तुटलेला असतो.

दुसऱ्या मॉनिटरला तांब्याची साडेसात मीटरची एकसंध एचडीएमआय केबल घेतली. २५६० × १४४० ला ६० हर्ट्झवर सांकेतिक बिट धरून सव्वासात गिगाबिटच्या आसपास लागतात आणि हाय स्पीड वर्गाची केबल १०.२ पर्यंत तपासलेली असते. इथे ऑप्टिकलचा आग्रह धरण्यात अर्थ नव्हता.

नेटवर्क केबलवरून चित्र आणि यूएसबी दोन्ही नेणाऱ्या एक्स्टेंडरचाही विचार केला. एचडीबेसटी पद्धत १०० मीटरपर्यंत जाते. पण तिच्या जुन्या पिढ्यांत ४के, म्हणजे ३८४० × २१६० चं, ६० हर्ट्झचं चित्र पूर्ण रंगमाहितीसह मावत नाही, रंगाची माहिती कमी करून पाठवावी लागते. चित्रपट बघायला ते चालतं. दिवसभर बारीक रंगीत अक्षरं आणि लहरींचे आलेख बघणाऱ्या डोळ्यांना ते टोचतं. ७ मीटरसाठी ही तडजोड मी सुचवली नसती आणि सुचवलीही नाही.

यूएसबीसाठी १० मीटरची अ‍ॅक्टिव्ह केबल आणि टेबलावर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब, म्हणजे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी पेटी. अ‍ॅक्टिव्ह केबलच्या मध्यात बहुधा एक छोटा हबच बसवलेला असतो, तो सिग्नल नव्याने घडवून पुढे पाठवतो. होस्टपासून उपकरणापर्यंत ओळीने पाचच हब चालतात हे लक्षात ठेवावं. केबलमधला एक, सात पोर्टच्या हबच्या पोटात कित्येकदा दोन, आणि त्यापुढे मॉनिटरमधला हब जोडला की चार झाले. म्हणून मॉनिटरचा हब वापरायचा नाही असं ठरवलं. इंटरफेसला आता वीज टेबलावरच्या अडॅप्टरकडून मिळते, लांब केबलमधून फक्त डेटा येतो. फँटम पॉवर चालू ठेवून मीटर लावला तेव्हा तो ५ च्या जवळ स्थिर होता.

पॉवर बटणाची सगळ्यांना काळजी होती आणि तेच सर्वात सोपं निघालं. मदरबोर्डवर त्यासाठी दोन पिना असतात आणि त्या क्षणभर एकमेकींना टेकल्या की मशीन सुरू होतं. त्यातून वेगवान काही जात नाही. दोन बारीक तारा भिंतीपार नेल्या आणि टोकाला दाबलं की सुटणारं बटण लावलं.

ओढण्याआधी आणि नंतर

भिंतीत काहीही सरकवण्याआधी सगळ्या नव्या केबल दारातून जमिनीवर पसरून जोडल्या आणि बाईंना तसंच दिवसभर काम करू दिलं. पायात येत होत्या, तरी. भिंतीत गेलेली केबल खराब निघाली तर ती पुन्हा काढण्याचं काम दसपट असतं. त्या दिवशी खुर्चीवरून मुद्दाम उठून-बसून पाहिलं, फँटम पॉवर चालू ठेवली, मशीन झोपवून जागं केलं. ऑप्टिकल केबलची दिशा पुन्हा तपासली आणि दोन्ही टोकांना चिठ्ठ्या लावल्या. ओढताना बोंडाला दोरी न बांधता केबलच्या अंगाला बांधली. उरलेली लांबी टॉवरच्या बाजूला मोठ्या सैल वेटोळ्यात ठेवली.

एक नवी तक्रार आली: स्पीकरमध्ये मंद गुणगुण. टॉवर सामानाच्या खोलीतल्या सॉकेटवर आणि टेबल दुसऱ्या सर्किटवर, दोन्हींची अर्थिंग वेगळ्या वाटेने. एचडीएमआय आणि यूएसबीच्या तांब्याच्या शिल्डमधून, म्हणजे तारांभोवतीच्या आवरणातून, त्या दोन वाटा जोडल्या जात होत्या आणि त्या फेऱ्यात मेन्सची वारंवारता घुमत होती. टेबल आणि टॉवर एकाच अर्थिंगच्या बोर्डावर आणल्यावर गुणगुण थांबली. अर्थिंगची पिन काढून टाकूनही असा आवाज बंद होतो, पण ती गोष्ट कधीही करू नये. ती पिन माणसाच्या जिवासाठी असते.

सामानाच्या खोलीत हवा खेळती राहावी म्हणून दाराच्या खालची फट मोकळी ठेवली आणि टॉवरच्या मागे हातभर जागा सोडली.

त्यानंतर मॉनिटर एकदाही काळा पडला नाही. जागं होताना मोठा मॉनिटर आधीपेक्षा क्षणभर उशिरा उजळतो, ते तसंच आहे. कीबोर्डवरून मशीन जागं करणं हबमार्गे आधी जमत नव्हतं. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, झोपेतही यूएसबीला वीज देण्याचा पर्याय चालू केल्यावर जमलं. बाईंना पुढे ४के वेबकॅम घ्यायचा आहे. तो यूएसबी ३.० चा असेल तर सध्याची ओळ त्याला पुरणार नाही आणि तिला आणखी एक एक्स्टेन्शन जोडूनही उपयोग नाही. तेव्हा त्याच्यासाठी वेगळी ऑप्टिकल यूएसबी केबल न्यावी लागेल. त्या केबलसाठी भोकात ओढदोरी तशीच ठेवली आहे आणि टॉवरच्या मागचा एक यूएसबी ३.० पोर्ट रिकामा सोडला आहे.